वजनकाटा आणि विवेकबुद्धी

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या मांडवात मी एका परिचित भगिनीला थट्टेने म्हणालो, "काय ताई, तब्येत पुन्हा सुधारली म्हणायची!" आसपासची चार माणसे हसली. तीही हसली, पण हातातील ताट तिने तसेच बाजूला ठेवले. पुढे एकदा भेटली तेव्हा ती म्हणाली, "फादर, चार महिन्यांत मी अकरा किलो कमी केले होते. वर्षभरात सगळे परत आले. टीव्हीवरच्या माणसांना जमते, मग मलाच का जमू नये? माझ्यात मनाचा जोरच नाही." ती शरीराविषयी बोलत नव्हती, अपराधाविषयी बोलत होती, आणि त्या निवाड्यावर भर मांडवात शिक्कामोर्तब केले होते मी! तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे: शरीराचे वजन हे माणसाच्या चारित्र्याचे माप होऊ शकते काय?

हे माप घरोघरी पोहोचवणाऱ्या कार्यक्रमांचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतील 'द बिगेस्ट लूजर'. एन.बी.सी. वाहिनीवर तो २००४ साली सुरू झाला आणि २०१६ पर्यंत चालला. २०२० साली दुसऱ्या वाहिनीवर त्याचे आणखी एक पर्व झाले. २००७ मध्ये आपल्याकडे सहारा वन वाहिनीवर त्याची हिंदी आवृत्तीही आली होती. अतिस्थूल स्त्री-पुरुषांना घरापासून दूर ठेवायचे, आहार तोडायचा, दिवसाचे कित्येक तास व्यायाम करवून घ्यायचा आणि दर आठवड्याला सर्वांदेखत एका भव्य काट्यावर उभे करायचे, अशी त्याची रचना. ज्यांचे वजन कमी प्रमाणात घटले, त्यांच्यावर बाद होण्याची टांगती तलवार. अंतिम विजेत्याला अडीच लाख डॉलर. पाहणाऱ्याच्या मनावर त्यातून एकच धडा ठसतो: ज्याने मनावर घेतले तो जिंकला, जो हरला तो आळशी.

हा धडा खरा आहे काय? २००९ सालच्या पर्वातील १४ स्पर्धकांची अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासणी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. या स्पर्धकांनी सरासरी ५८ किलो वजन घटवले होते. त्यांपैकी सुमारे ४१ किलो परत आले होते. विश्रांतीच्या स्थितीतही त्यांचे शरीर, त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षा असते त्यापेक्षा, दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. पोट भरल्याची वर्दी मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरकही पूर्वीच्या पातळीवर आले नव्हते. जणू दुष्काळ पडला आहे असे समजून शरीर काटकसर करीत राहिले होते. ज्यांना जगाने विजयी वीर म्हटले त्यांचीच ही गत. मग घरसंसार, नोकरी आणि म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची सेवा सांभाळून वजन घटवू पाहणाऱ्या गृहिणीने स्वतःला नालायक का ठरवावे?

सेमिनरीत नैतिक ईश्वरविज्ञान शिकताना एक पाठ आम्ही गिरवला होता: जाण आणि स्वतंत्र संमती यांवाचून दोष लागत नाही. शरीराने परस्पर चालवलेल्या काटकसरीला कोणाची संमती असते? खादाडपणा हे पाप आहे खरे. पण संत थॉमस अक्विनास यांनी त्याचा विचार करताना अती खाण्याबरोबरच अधाशीपणे खाणे, वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास धरणे आणि जिभेचे चोचले पुरवणे हेही त्यात धरले आहे. म्हणजे हे पाप वासनेचे आहे, कमरेच्या घेराचे नव्हे. सडपातळ माणूस खादाड असू शकतो आणि स्थूल माणूस मिताहारी.

अशा कार्यक्रमांचा दुसरा परिणाम प्रेक्षकावर होतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात काही विद्यार्थ्यांना या कार्यक्रमाचा एकच भाग दाखवला गेला. तेवढ्यानेच स्थूल व्यक्तींविषयीची त्यांची नावड वाढली, आणि वजन ही सर्वस्वी माणसाच्या हातातील गोष्ट आहे हा समजही बळावला. एरवी ज्याला आपण निंदा म्हटले असते, तिला प्रोत्साहनाचे गोंडस नाव मिळते. माझी मांडवातील थट्टा याच जातीची होती.

मग प्रयत्नच सोडावा काय? मुळीच नाही. मधुमेह आणि सांधेदुखी हे काही काल्पनिक शत्रू नव्हेत. अमेरिकेतच मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाला दिलेले ध्येय माफक होते: वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. येथे भव्य काटा नव्हता, बाद होणे नव्हते, टाळ्या नव्हत्या. संयम या सद्गुणाची चाल अशीच संथ असते.

राखेच्या बुधवारचे शुभवर्तमान आपण दरवर्षी ऐकतो. उपवास करणाऱ्याने चेहरा म्लान करू नये, तोंड धुवावे आणि आपला उपवास केवळ पित्याला ठाऊक असू द्यावा, असे प्रभू तेथे शिकवतो. आत्मसंयमाचा तमाशा झाला की त्याचे फळ प्रेक्षकांच्या हाती जाते. एकांतात केलेल्या प्रयत्नात अपयश आले, तर माणूस उद्या पुन्हा आरंभ करू शकतो. चारचौघांत हसे झालेला माणूस मात्र घराबाहेर पडायलाच कचरतो.

त्या भगिनीची मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "फादर, तुम्ही एकटे थोडेच बोलता? सगळेच बोलतात." या उत्तराने माझे समाधान झाले नाही, तुमचेही होऊ नये. यापुढे लग्नाच्या पंगतीत, मिस्सेनंतर चर्चच्या आवारात कोणाच्या अंगाकडे पाहून शब्द ओठांवर आला, तर तो गिळून टाकूया. आणि शेजारची एखादी ताई संध्याकाळी एकटीच चालायला निघालेली दिसली, तर चपला पायांत घालून तिच्यासोबत चार पावले चालूया.