अंधारातला नेम आणि नीयत

साधनाची निवड हा बाजारातला प्रश्न आहे, असे आपण सहसा धरून चालतो. किंमत काय आणि टिकेल किती, एवढे विचारले की काम संपले. पण ज्या साधनाने जीव घेतला जातो, त्याच्या बाबतीत हे दोन प्रश्न पुरत नाहीत. रात्री, जवळच्या अंतरावरून ससा मारायचा तर बंदुकीवर कोणती दुर्बीण लावावी? वरवर पाहता हा छंदिष्ट माणसाचा प्रश्न वाटेल. आम्हाला तो नीतीचा प्रश्न वाटतो.

आपल्याकडे तो उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि आपला रानससाही बिळात राहणाऱ्या विलायती सशाहून वेगळा आहे. प्रश्न आहे इंग्लंडचा. मात्र कोकणातून तिकडे जाऊन स्थिरावलेली मुस्लिम कुटुंबे पाहता तो आपल्याला अगदीच परका नाही.

इंग्लंडमध्ये मध्ययुगात मांसासाठी आणि कातड्यासाठी ससे पाळले गेले. पुढे ते रानोमाळ पसरले आणि शेतकऱ्याच्या उभ्या पिकावर उठले. १८८० च्या कायद्याने जमीन कसणाऱ्याला आपल्या शेतातले ससे मारण्याचा हक्क दिला. त्याच कायद्यात रात्री बंदूक चालवण्यास मनाई होती. ती १९८१ च्या कायद्याने अटी घालून सैल केली. ससा चरायला निघतो तो तिन्हीसांजेला आणि रात्री. म्हणून बंदूकही रात्रीच निघते.

ती बहुधा हवेची बंदूक असते. इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडांपर्यंतच्या अशा बंदुकीला परवाना लागत नाही. तिचा छर्रा हलका असतो आणि थोड्याच अंतरात खाली येऊ लागतो. खात्रीचे अंतर पंचवीस-तीस मीटरचे. सशाला तत्काळ मृत्यू यायचा तर डोळा आणि कान यांच्यामधली सुमारे एका इंचाची जागा लागली पाहिजे. एक इंच चुकले तर ससा मरत नाही, जखमी होतो.

विकत घेणाऱ्याला मोह होतो तो मोठ्या आकड्याचा. बारा पट, सोळा पट मोठे दाखवणारी दुर्बीण हवी असे वाटते. पण काचेचा व्यास भागिले पटींचा आकडा, एवढ्याच रुंदीचा प्रकाश डोळ्याला मिळतो. ४० मिलिमीटरची काच सहा पटींवर जवळपास सात मिलिमीटर देते, आणि अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते. तीच काच सोळा पटींवर अडीच मिलिमीटर देते. ससा मोठा दिसतो, पण काळवंडलेला; आणि आसपासचे शेत नजरेतून निसटते. दुसरी गोष्ट अशी की, मोठ्या रायफलीच्या बऱ्याच दुर्बिणी शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. पंचवीस मीटरवर डोळा किंचित हलला तरी फुली सरकल्यासारखी दिसते. म्हणून जवळचे अंतर जुळवता येणारी, चार ते सहा पटींची, ठळक फुलीची दुर्बीण बरी. फुली प्रकाशित होणारी असेल तर तो प्रकाश अगदी मंद ठेवता यावा; नाहीतर अंधाराला सरावलेला डोळा त्यानेच दिपतो.

आता इन्फ्रारेडवर चालणाऱ्या आणि शरीराची उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीही मिळतात. दिवा न लावता ससा दिसतो. त्याला मात्र काही कळत नाही. उष्णतेची दुर्बीण गवतातला जीव झटकन दाखवते, पण मधली तार किंवा काटकी तिच्यात हरवू शकते. तेथे उष्ण काही आहे हे ती सांगते. ते नेमके काय आहे आणि त्याच्यामागे काय आहे, याची खात्री ती देईलच असे नाही. ठिपका सशाचा की शेजाऱ्याच्या मांजराचा, हे ठरवण्याचे ओझे माणसावरच राहते. आणि त्या मादीची पिल्ले बिळात वाट पाहत आहेत का, हे कोणतीच दुर्बीण सांगत नाही.

आपल्या परंपरेने या बाबतीत मौन पाळलेले नाही. सशाचे मांस पैगंबरांकडे पाठवले गेले आणि त्यांनी ते स्वीकारले, अशी नोंद हदीसमध्ये आहे. जिवंत प्राण्याला केवळ नेमबाजीचे लक्ष्य करण्यास मनाई आहे. जबह करताना सुरी धारदार असावी आणि जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, ही ताकीद आहे. सुरीला धार लावणे हे इबादतीच्या आदबीत बसते, तर नेम जुळवून घेणे त्याच्या बाहेर कसे राहील?

येथे एक खरा पेच उभा राहतो. आघाताने मेलेले जनावर कुरआनने निषिद्ध ठरवले आहे. छऱ्याने मेलेला ससा याच सदरात येतो, असे अनेक आलिमांचे मत आहे. म्हणजे खायचा असेल तर तो जिवंत हाती लागून जबह व्हायला हवा. आणि रहम सांगते की छर्रा लागताक्षणीच त्याचा जीव जावा. सुरी पोहोचेपर्यंत तो तडफडत राहावा म्हणून मुद्दाम हलका नेम धरणे, हे हलालच्या नावाखाली केलेले क्रौर्य ठरेल. आमचे उत्तर सरळ आहे. पीक वाचवायचे असेल तर नेम मृत्यूचाच धरावा आणि त्या मांसाचा मोह सोडावा. खायचेच असेल तर बंदूक घरी ठेवावी. फेरेट नावाचा पाळीव प्राणी बिळात सोडून, तोंडाशी जाळी लावून ससे जिवंत पकडण्याची रीत इंग्लंडमध्ये जुनीच आहे.

रात्रीच्या शिकारीला साक्षीदार नसतो. जखमी ससा बिळात शिरतो आणि तेथेच मरतो. सकाळी शेतात काही दिसत नाही. चुकलेल्या नेमाचा हिशेब मागणारा माणूस कोणी नसतो. तो ठाऊक असतो मारणाऱ्याला आणि त्याच्या निर्मात्याला. म्हणून दुर्बीण निवडताना तिच्यातून किती दूरचे दिसते, हे शेवटी विचारावे. बोट घोड्यावरून कधी काढायचे हे ती वेळेवर सांगते का, ते आधी पाहावे. आणि तिने सांगितल्यावर ऐकण्याची आपली तयारी आहे का, हे तिच्यावर पैसे खर्च करण्यापूर्वीच स्वतःला विचारून घ्यावे.