ठेव फुटली असता पहिले कर्तव्य कोणते?

वाचकहो, ठेव म्हणजे काय हे आम्हां वऱ्हाडकरांस निराळे सांगावयास नको. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारी कापूस विकून आलेला गृहस्थ काही रक्कम विश्वासू शेजाऱ्यापाशी ठेवतो. ती शेजाऱ्याच्या पेटीत असली म्हणून शेजाऱ्याची होत नाही. मनुष्याचे नाव, पत्ता व जन्मतारीख ही देखील अशीच ठेव होय.

सोनी ह्या जपानी कंपनीची 'प्लेस्टेशन नेटवर्क' नामक सेवा आहे. तिच्या द्वारे लोक इंटरनेटवरून घरबसल्या खेळ खेळतात. २०११ च्या एप्रिलात, ता. १७ ते १९ च्या दरम्यान, चोरांनी तीत शिरकाव केला. ता. २० रोजी कंपनीने सेवा बंद केली; परंतु खेळणारांची माहिती चोरांच्या हाती गेली असावी, हे तिने ता. २६ रोजी प्रसिद्ध केले. खाती सुमारे ७ कोटी ७० लाख होती. नुकसान किती झाले हे तज्ज्ञांस समजण्यास इतके दिवस लागले, असे कंपनीचे म्हणणे पडले. ता. १ मे रोजी टोकियो येथे तिच्या अधिकाऱ्यांनी मान लववून क्षमा मागितली. पुढे २०१३ साली ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी तीस अडीच लक्ष पौंड दंड केला; व्यवस्था अद्ययावत ठेविली असती तर ही चोरी टळती, असा त्यांचा अभिप्राय होता.

आता कोणी म्हणेल की, अपराधी तो चोर; राखणदारास बोल का लावावा? चोर अपराधी खराच. पण त्याच्या अपराधाने राखणदाराचे कर्तव्य फिटत नाही. कडब्याच्या गंजीतून धूर निघताना दिसला, तर किती पेंढ्या जळाल्या हे मोजून मग कोणी हाक मारतो काय? अर्धवट कळले असले तरी धन्यास तितके कळविणे हेच पहिले कर्तव्य. कारण सांकेतिक शब्द वेळीच बदलता येतो, जन्मतारीख मात्र बदलता येत नाही. आपल्या देशात २०२३ साली झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही, माहिती फुटल्यास ती ज्याची त्यास कळवावी आणि अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी आईबापांची संमती घ्यावी, असे ठरविले आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, व ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले.

परंतु राखणदार केवळ दूरदेशीची कंपनीच आहे असे समजू नये. बापाचा मोबाइल घेऊन मुलगा खेळ उतरवितो, आणि तो खेळ मोबाइलातील नावांची यादी पाहण्याची परवानगी मागतो. त्या यादीत मामा, शेजारीण व गुरुजी ह्यांचे नंबर असतात. ते त्यांनी विश्वासाने आम्हांस दिले; खेळवाल्यास दिले नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने 'होय' म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही, असे आमचे मत आहे. आईबापांनी मुलाजवळ बसून हे त्यास समजावून सांगावे, आणि अशी परवानगी नाकारण्यास शिकवावे.