घासून काय मिळते?

चरे पडलेली सीडी घरच्या घरी दुरुस्त करण्याची रीत अनेकांना ठाऊक आहे. मऊ, ओलसर सुती फडक्यावर थोडी पांढरी टूथपेस्ट घ्यायची, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत हलक्या हाताने घासायचे, मग धुऊन टिपून घ्यायचे. अडखळणारे गाणे पुष्कळदा पुन्हा सलग वाजू लागते. ‘गाणे परत आले’ असे आपण म्हणतो. पण ते गेले कुठे होते? सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, आणि ती जवळजवळ सगळी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. गाणे असते ते वरच्या अंगाला, लेबलच्या लगेच खाली, सूक्ष्म खळग्यांच्या रूपात. त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय तलम थर असतो. लेझरचा किरण खालून पारदर्शक भागातून वर जातो आणि परावर्तित होऊन येतो. चरा पडतो तो बहुधा या खालच्या पृष्ठभागावर, आणि तिथे किरण विखुरतो. पेस्टने चरा भरून निघत नाही, उलट त्याच्या धारदार कडा झिजतात आणि किरणाला वाट मोकळी होते. म्हणजे दुरुस्तीत गाण्यात काहीच घातले गेले नाही. तबकडीचेच थोडे द्रव्य कमी झाले.

साधनेने माणसाला काय मिळते, या प्रश्नाशी ही गोष्ट थेट जाऊन भिडते. ब्रह्मसूत्रांतल्या ‘तत्तु समन्वयात्’ या चौथ्या सूत्रावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी मोक्ष कर्माने साधतो का, हे तपासले आहे. कर्माने एखादी वस्तू उत्पन्न होते, बदलते, प्राप्त होते किंवा तिच्यावर संस्कार होतो. मोक्ष यांपैकी कशातच बसत नाही, असे ते दाखवतात. तिथे पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप घेणारा, आरशाचा दाखला देतो: घासल्यावर आरशाची मुळातली चकाकी प्रकट होते, तसा आत्माही क्रियेने उजळत असेल. आचार्यांना हे मान्य नाही. क्रिया ज्या वस्तूवर घडते तिच्यात बदल केल्यावाचून राहत नाही, आणि बदलणारा आत्मा अनित्य ठरेल. स्नान-आचमनाने शुद्ध होतो तो देहाशी एकरूप झालेला ‘मी’. मला वाटते, इथे आरशापेक्षा सीडी अधिक नेमकी बोलते. आरशात घासला जाणारा पृष्ठभाग आणि चकाकणारा पृष्ठभाग एकच असतो. सीडीत घासायची बाजू वेगळी आणि गाण्याची जागा वेगळी. जप, उपवास, वारी यांनी झिजतो तो मधला पडदा, ज्याला आपली परंपरा चित्त म्हणते.

मग साधना व्यर्थच की, असा आक्षेप येईल. तो टिकत नाही. न घासलेली तबकडी अडखळतच राहते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चरा लहान असेल तर न घासताही सीडी वाजते, कारण रीड आणि सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या गणितावर आधारलेली दुरुस्ती यंत्र स्वतःच करते. माहिती इकडेतिकडे विखरून, जोडीला तपासणीचे आकडे देऊन लिहिलेली असते. म्हणून खळग्यांच्या ओळीच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचे नुकसान तंतोतंत भरून निघते. त्यापुढे यंत्र शेजारच्या आकड्यांवरून अंदाज बांधते आणि ऐकणाऱ्याला ते पुष्कळदा कळतही नाही. बौद्ध विचारवंत म्हणेल, पाहा, अखंडपणा हा वाचणाऱ्याने रचलेला आहे, आत अखंड असे काही नाही. पण यंत्राच्या या दोन दुरुस्त्या एक नव्हेत. पहिल्या दुरुस्तीत हरवलेले जे उरले आहे त्यातूनच निघते. दुसरीत बाहेरचे भरले जाते, आणि ते गाणे नव्हे. धर्माचरणातही ही भेसळ फार चालते. आतले उघडे होण्याऐवजी वर शोभेचे काही भरले जाते, आणि ऐकणाऱ्याला सलग वाजल्यासारखे वाटते. साधना तपासायची ती इथे.

तिसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो. लेबलच्या बाजूने खोल ओरखडा पडला, तर ॲल्युमिनियमसकट खळगेच जातात, आणि मग कितीही घासले तरी त्या जागचे गाणे येत नाही. जडवादी चार्वाकाला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही: आधार गेला की आशयही गेला. आत्मा अमर आहे हे या तबकडीवरून सिद्ध होत नाही, आणि तसा दावा करणे दृष्टांताला त्याच्या हद्दीपलीकडे ओढणे होईल. शुद्धी काय करते एवढेच ती दाखवते. शिवाय प्रत्येक घासणीत थोडे पॉलिकार्बोनेट जातेच. तेव्हा घरात एखाद्या आवडत्या कीर्तनाची चरे पडलेली सीडी असेल, तर घासण्याआधी ती एकदा लावून पाहा. वाजली, तर आधी तिची प्रत काढून ठेवा.