माणूस न ओळखणारा पुढारी

मंडळाचा एखादा सभासद सभेला येईनासा झाला की आपण चटकन म्हणतो, "त्याला समाजाची कळकळ नाही." तो रात्रपाळीला जातो काय, हे कोणी विचारले?

भगवंतांनी संघ कसा चालविला ते पाहा. चुल्लपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. सख्ख्या थोरल्या भावानेच त्याला संघातून जायला सांगितले. भगवंतांनी त्याच्या हाती पांढरे फडके दिले व ते चोळीत बसण्यास सांगितले. फडके मळत गेले, तसे त्याला अनित्य उमगले. सोण याच्या अगदी उलट. चालून चालून पाय रक्ताळले तरी थांबेना. तो पूर्वी वीणा वाजवी, म्हणून भगवंत त्याच्याशी तारांविषयी बोलले. तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. पंथकाला वीणेचा काय उपयोग?

आपल्याला तर गावाने नाव असून जातीवरून हाक मारली. निदान आपण तरी सर्वांना एका मापाने मोजू नये. चिटणीसाने हजेरीची वही जरूर ठेवावी. पण ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापुढे ती सरकवून त्याला चारचौघांत खाली पाहायला लावू नये. त्याचा आवाज खडा असेल, तर वंदना त्याला सांगू द्या.