ही कशाला आली?

दशलक्षण पर्वातला तिसरा दिवस होता. बस्तीतून अभिषेक बघून नुकतीच घरी आले होते, तेवढ्यात वाटेकऱ्याचा पोरगा मळ्यातून पळत आला. "काकी, फासकीत कायतरी घावलंय. डुक्कर न्हाई. लवकर चला."

आमचा मळा दूधगंगेच्या काठाला, निपाणीपासून फार लांब नाही. वरच्या अंगाला ऊस, खाली शेंगा. त्या साली रानडुकरांनी शेंगांची पार नासाडी केली. रात्री कळप यायचा आणि सकाळी बघावं तर नांगर फिरवल्यासारखं रान उकरलेलं. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. थोरल्या भाऊजींनी 'कुणाला तरी' सांगितलं आणि उसाच्या कडेनं, डुकरांच्या वाटेवर, गाडीच्या क्लच वायरच्या चार फासक्या लागल्या. कुणी लावल्या, डुक्कर सापडलं तर त्याचं तो काय करणार, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मलाही.

मळ्यात जाऊन बघते तर फासकीत लांडोर होती. एक पाय तारेत. सुटायच्या धडपडीत तार हाडापर्यंत गेलेली. एक पंख पसरून ती मातीत पडली होती आणि शेंगांच्या वेलांतून तिची चार पिल्लं चिवचिवत तिच्याभोवती फिरत होती. आम्हाला बघून ती लपली, पण लांब गेली नाहीत.

ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला. डोळे झाकले की पाखरू जरा शांत होतं. पकडीनं तार तोडली. भाऊजी बांधावर उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता, पण तोंडातून शब्द आले ते असे, "डुकरासाठी लावलं होतं. ही कशाला मरायला आली?"

टॉवेल काढल्यावर ती थोडा वेळ तशीच बसली. मग पाय ओढत उसात शिरली. पिल्लं तिच्या मागं गेली. त्यानंतर मला ती दिसली नाही.

भाऊजींचं ते वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. त्यांच्यावर राग म्हणून नव्हे. तेच वाक्य माझ्याही मनात आलं होतं म्हणून.

बघा, आपण किती जपतो. पाणी गाळून पितो आणि गाळल्यावर फडक्यातली जिवाणी पुन्हा विहिरीत सोडतो. दिवस मावळायच्या आत जेवतो. पर्वात हिरवी भाजी चिरत नाही. आमच्या देवघराच्या कोपऱ्यात तेव्हा मोरपिसांची एक जुडी उभी होती. मळ्यात झडलेली पिसं मीच वेचून ठेवली होती, चातुर्मास संपताना महाराजांच्या नव्या पिंछीसाठी. बसायच्या जागेवरची मुंगीसुद्धा दुखावू नये म्हणून मुनी ज्या पिंछीनं जागा झाडतात, तिची पिसं ज्या जातीची, त्याच जातीचं पाखरू आमच्या तारेत अडकलं होतं. देवघर आणि मळा यांच्यात अर्ध्या मैलाचंही अंतर नाही. मला मात्र तोवर ती दोन वेगळी गावं वाटत होती.

संध्याकाळी बोलणं निघालं. भाऊजींचा स्वाध्याय चांगला आहे. ते म्हणाले, "हिंसा चार प्रकारची. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थानं संकल्पी सोडायची. बाकीची होता होईल तेवढी कमी करायची, पण ती त्याला पूर्ण सुटत नाही. पीक राखणं म्हणजे विरोधी हिंसा." चुकीचं काहीच नव्हतं. शास्त्रानं शेतकऱ्याला शेत सोडून दे असं सांगितलेलं नाही. चोर दारात आला तर हात जोडून बस, असंही नाही.

पण मला एक शंका आली आणि ती अजून आहे. विरोधी हिंसा म्हणायची तर विरोधक समोर हवा ना? तो समोर असतो, आपण त्याला बघतो, तो मागं हटला की आपला हातही थांबू शकतो. फासकीत यातलं काय आहे? ती लावायची आणि घरी येऊन झोपायचं. पुढं डुक्कर येवो, कोल्हा येवो, नाहीतर पिल्लांना चारायला निघालेली लांडोर. फासकीला सगळे सारखेच. आपण तिथं नसतो, म्हणून तर आपल्याला ती बरी वाटते. उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना जीव घेण्याच्या आधी प्रमाद ठेवला आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, बघायचं ते न बघणं. लांडोर तारेत आली तो अपघात असेल. पण आम्ही न बघायचं ठरवलं होतं, तो अपघात नव्हता.

माझी एक भाची अमेरिकेत असते. तिच्या ऑफिसात एकजण टर्कीच्या शिकारीला जातो. टर्की म्हणजे मोठा रानकोंबडाच म्हणा. शिकारी झाडापानांच्या रंगाचे कपडे घालून बुंध्याला टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढून नराला बोलावतो. पण तो आवाज रानात सगळेच ऐकतात. कधी कोल्ह्यासारखा कोयोटी दबा धरत येतो, कधी रानमांजर येतं, कधी खरीच मादी येते, आणि कधी दुसरा शिकारीच येतो. म्हणून तिकडं पहिला नियम असा शिकवतात की आवाजावर किंवा हललेल्या पानावर गोळी झाडायची नाही. समोर काय आहे आणि त्याच्या मागं काय आहे, ते पुरतं दिसल्याशिवाय बोट चापावर ठेवायचं नाही. भाचीनं हे सांगितलं तेव्हा मला लाजच वाटली. ती शिकार काही मला पटत नाही. पण मारायला निघालेल्या माणसालाही आधी बघायला शिकवतात, आणि आम्ही अणुव्रतं घेतलेल्यांनी न बघायची सोय करून ठेवली होती.

आपल्या पुराणातली पुरुरवा भिल्लाची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. रानात काही हललं, त्याला हरीण वाटलं, त्यानं बाण लावला. बायको कालिका बरोबर होती. तिनं त्याला थांबवलं. म्हणाली, मारू नका, हे वनदेवता आहेत. जवळ जाऊन बघतात तर सागरसेन मुनी. भिल्लानं तिथंच मद्य, मांस, मध सोडलं आणि कितीतरी भवांनंतर तोच जीव भगवान महावीर झाला. ही गोष्ट सांगताना सगळे पुरुरवाबद्दल बोलतात. मला हल्ली कालिकाच आठवते. ती भिल्लीणच होती, शिकारीवरच तिचं घर चालायचं. तिनं शास्त्र वाचलं नव्हतं. तिनं फक्त नवऱ्याच्या आधी नीट बघितलं आणि बोलली. ती गप्प बसली असती तर?

मी गप्प बसले होते. जपमाळेत 108 मणी का, हे आपल्याला लहानपणी शिकवतात. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया यांनी गुणले की नऊ. कृत, कारित, अनुमोदना यांनी गुणले की सत्तावीस. आणि क्रोध, मान, माया, लोभ या चारांनी गुणले की एकशे आठ. इतक्या वाटांनी पाप येतं. फासकी लावणाऱ्याचं कृत, सांगणाऱ्याचं कारित. आणि माझं? 'पुरुषांचं काम, आपण कशाला बोला' म्हणून मी भाकऱ्या थापत राहिले, ती अनुमोदनाच. घरातल्या बाईच्या वाट्याला बहुतेक वेळा हाच मणी येतो. आपल्या हातून काही घडत नाही, म्हणून आपण स्वतःला निर्दोष समजतो.

आमच्या जवळच्या भोजचे सातगोंडा पाटील, पुढचे आचार्य शांतिसागर महाराज. शेतात आलेली पाखरं ते हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवत, असं आमच्याकडं सांगतात. मी हे काढलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "ते महाराज झाले. आपल्याला कर्ज फेडायचं आहे." त्यांचंही खरं आहे. उपाशी राहून दया करा, असं दुसऱ्याला सांगायचा मला अधिकार नाही. ज्याचं रान डुकरं खातात, त्यालाच त्याची झळ कळते.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी स्वतः जाऊन चारी फासक्या काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मग माळा बांधला, पाळ्या लावल्या. रात्रभर बॅटरी, पत्र्याचा डबा, आरोळ्या. नुकसान थांबलं नाही, थोडं कमी झालं. झोपेचं खोबरं झालं ते वेगळंच. डुकरांचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. पण आता डुक्कर आलं तर ते आम्हाला दिसतं आणि आम्ही त्याला दिसतो.

माझ्यापुरता एक नेम मी घेतला आहे. तो कुठल्या व्रतात बसतो, मला माहीत नाही. घरात कुणी म्हणालं, "कुणाला तरी सांगून टाकू, तो बघून घेईल," की मी हातातलं काम खाली ठेवते आणि विचारते, "कुणाला? आणि तो काय करणार?" सुरुवातीला सगळ्यांना राग यायचा. आता भाऊजीच कधीकधी मध्येच थांबतात आणि माझ्याकडं बघतात.