स्वातंत्र्यातील ‘स्व’

स्वातंत्र्याचा वाद बहुमताने सुटतो, असे मानले जाते. परंतु मते मोजण्यापूर्वी ती कोणाची मोजायची हे ठरावे लागते, आणि ते मतांनी ठरत नाही. स्कॉटलंडने २०१४ साली ५५ टक्के मतांनी ब्रिटनमध्येच राहण्याचा कौल दिला. २०१६ साली ब्रिटनने सुमारे ५२ टक्के मतांनी युरोपीय संघ सोडण्याचे ठरविले. स्कॉटलंडमधील ६२ टक्के मते मात्र संघात राहण्याच्या बाजूची होती. वेस्टमिन्स्टरच्या संमतीवाचून नवे सार्वमत घेण्याचा अधिकार स्कॉटिश संसदेला नाही, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. कायद्याचा प्रश्न त्याने सुटला. नैतिक पेच मिटला नाही. स्वतःच्या सार्वभौमत्वासाठी संघ सोडणाऱ्या राष्ट्राला आपल्या पोटातील राष्ट्राचा तोच प्रश्न गैरलागू म्हणता येत नाही.