दोन तिजोऱ्या

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. दुष्काळात पंतांनी सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली, बीदरच्या बादशहाचे बोलावणे आले, आणि विठू महाराच्या रूपाने साक्षात विठोबा दरबारात जाऊन धान्याची रक्कम भरून, पावती घेऊन आला. या कथेत देवालाही पावती घेतल्याशिवाय सुटका नाही, हे मला फार मोलाचे वाटते. त्याच बीदरात, त्याच बहमनी राज्यात, दौलतीचा आणि ईश्वराचा हिशेब चोख ठेवणारा एक वजीर होऊन गेला. धर्मनिष्ठेचा, मुसलमान ज्याला तक्वा म्हणतात त्याचा, विचार करताना मला तोच आधी आठवतो.

ख्वाजा महमूद गवान इराणातल्या गिलानचा. व्यापारासाठी दाभोळला उतरला, १४५३च्या सुमारास बीदरला आला आणि पुढे सुलतानाचा वजीर झाला. १४७२मध्ये पुरा झालेला त्याचा मदरसा आजही जुन्या शहरात उभा आहे. त्याचा मोठा भाग १६९६च्या स्फोटात ढासळला. उरलेल्या एका मिनारावर निळ्या-पिवळ्या फरश्यांची नागमोडी नक्षी अजून जागोजागी शिल्लक आहे. तिथे तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. पण माझे मन अडकते ते इमारतीपेक्षा त्याच्या हिशेबात.

१४८१च्या एप्रिलमध्ये शत्रूंनी त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र तयार केले आणि नशेत असलेल्या सुलतान महंमदशहाने त्याला ठार मारवले. मग सुलतानाने खजिनदाराला विचारले, वजिराची दौलत कुठे आहे? फरिश्ता हा इतिहासकार लिहितो, की दोन तिजोऱ्या निघाल्या. एक राजाची, तिच्यातून फौज, हत्ती-घोडे यांचा खर्च चाले. दुसरी गरिबांची, तिच्यात लारी नावाची तीनशे नाणी होती. जहागिरीच्या उत्पन्नातली कवडीही त्याने स्वतःसाठी वापरली नव्हती. इराणातून आणलेले चाळीस हजार लारींचे भांडवल तो व्यापारात फिरवी. त्या नफ्यातून त्याचे रोजचे खाणे-कपडे भागत. उरलेले आई, नातेवाईक आणि गरजूंना जाई. मुलखाचा कारभार ज्याच्या मुठीत, तो जेवत होता स्वतःच्या दुकानदारीवर.

गवानला मी संत म्हणणार नाही. त्याच्या फौजांनी कोकणातले किल्ले घेतले, गोवा जिंकला. त्या मोहिमांत सामान्य माणसे भरडली गेलीच असणार. तरीही ज्या ठिकाणी कुणी बघणारे नव्हते तिथे त्याने हात आखडला, आणि तक्वाची परीक्षा मला नेमकी तिथेच होताना दिसते.

कुराणाच्या दुसऱ्या सुरेत यावर एक लांब आयत आहे. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करणे एवढ्यात पुण्य संपत नाही, असे ती बजावते. मग श्रद्धेबरोबर नातेवाईक, अनाथ, गरीब, वाटसरू, मागणारे आणि गुलामांची सुटका यांची नावे घेते. धन प्रिय असूनही ते यांच्यासाठी काढावे म्हणते. नमाज आणि जकातही त्याच आयतीत आहेत, दिलेला शब्द पाळणेही आहे. अशी माणसेच तक्वा असलेली, असा तिचा शेवट आहे.

रमजानात बीदर-कलबुर्गीच्या बाजारपेठेत जकातीचा हिशेब मांडणारे व्यापारी दिसतात. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीइतकी माया वर्षभर हाती राहिली की चाळिसावा हिस्सा काढायचा. कपाटातला माल, गल्ल्यातली रोकड, येणे धरायचे. देणे वजा करायचे. तपासायला कुणी अधिकारी येत नाही. मालाची किंमत कमी धरली तर फक्त धरणाऱ्याला कळते. खांद्याला खांदा लावून पढलेल्या तरावीहच्या नमाजेपेक्षा त्या एकट्या रात्रीच्या वहीत माणूस जास्त उघडा पडतो, असे मला मनापासून वाटते.

आलिम लोक आणखी एक कठीण गोष्ट शिकवतात. अल्लाहचा हक्क वेगळा, बंद्यांचा म्हणजे माणसांचा हक्क वेगळा. नमाज राहिली तर ती नंतर कजा म्हणून पढता येते, तौबा करता येते. पण दुसऱ्याचे बुडवलेले परत केल्याशिवाय किंवा त्याने स्वतः माफ केल्याशिवाय सुटत नाही.

हे मी लिहितो आहे ते बहिणींसाठी. मुलीचा वाटा कुराणाने नेमून दिला आहे, मुलाच्या निम्मा, आणि मालमत्ता थोडी असो की फार, तो द्यायचाच आहे. तरी भालकी-औरादपासून आळंदपर्यंत पाच वेळचे नमाजी भाऊ बापाच्या जमिनीचे तुकडे आपापसात पाडतात आणि बहिणीच्या हाती ईदची साडी ठेवतात. शेजारच्या हिंदू घरात हक्कसोडपत्रावर हेच होते. तिथे साडी दिवाळीची. माहेर तुटेल या भयाने बहीण सही करते आणि तिने खुशीने दिले असे सगळे धरून चालतात.

हजला निघण्याआधी भावकीत, शेजारात फिरून ‘कहा-सुना माफ करो’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. देणेकऱ्याने आधी कर्ज फेडावे, मग निघावे, हेही सांगितलेले आहे. या वर्षी जे भाऊ निघतील, त्यांनी त्या फेरीत बहिणीच्या दारी सातबारा, पहाणीचे कागद घेऊन जावे, तिचा वाटा तिच्या नावे करावा आणि मग माफी मागावी.